काचेवर काहीतरी वळवळतंय

गेल्या अंकात फिशटँकच्या पाण्याबद्दल मी दोन ओळी काय लिहिल्या, या महिन्याचं सगळं टपाल त्याच पाण्यातून निथळत आलं. पत्रं माशांबद्दल नाहीत, माशांच्या पाठोपाठ न सांगता आलेल्यांबद्दल आहेत. बहुतेकांचा सवाल एकच, याला मारायचं कसं? हा आहे कोण, असं विचारणारे दोघेतिघेच निघाले. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी मुलांना वॉचग्लासमधल्या जिवाचा रंग आधी लिहू द्यायची नाही. चाल लिहा म्हणायची. टँकमध्येही तेच करा. ‘पांढरं, बारीक, सेंटिमीटरभर’ या वर्णनात दहा प्राणी बसतात. पण ते वळवळतं, घसरतं, झटके देतं की जागचं हलतच नाही, एवढं कळवलंत तर निम्मं काम झालं. फोटो पाठवणार असाल तर शेजारी पट्टी धरा. नुसता धूसर काचेचा फोटो पाठवून ‘हे काय आहे?’ विचारणाऱ्यांना मी उत्तर दिलेलं नाही, राग मानू नये.

प्रश्न : दोन फुटी टँक आहे, त्यात मॉली आणि टेट्रा. रात्री दिवा लावला की काचेवर केसासारख्या पांढऱ्या अळ्या दिसतात. पाण्यात सुटल्या की अंग पिळत वळवळतात. ज्यांच्याकडून मासे घेतले ते म्हणाले, सगळं रिकामं करा, खडी उकळा, टँक मिठाने धुवा आणि नव्याने लावा. रविवारी तेच करायचं ठरवलंय.

उत्तर : रविवारी दुसरं काहीतरी करा.

अंग पिळत वळवळणारे हे जीव गांडुळाच्या नात्यातले आहेत. भिंगातून पाहिलंत तर अंगावर वलयं दिसतील. हौशी लोक त्यांना डेट्रिटस वर्म म्हणतात. राहतात खडीत, खातात उरलेलं अन्न, माशांची विष्ठा, कुजलेली पानं. माशाला चावत नाहीत, त्याच्या अंगात शिरत नाहीत. चालत्या टँकच्या खडीत ते असतातच, फक्त दिसत नाहीत. तुम्हाला ते आता दिसायला लागले, म्हणजे एकतर खाली खायला इतकं साचलंय की त्यांची संख्या फुगली, नाहीतर खडीतला प्राणवायू कमी पडल्याने ते वर पळाले. बहुतेक वेळा दोन्ही एकदमच होतं, कारण साचलेलं कुजतानाच प्राणवायू खातं.

आता ते ‘सगळं उकळा’. माशांच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो, तो त्यांना विषारी. खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्राइटही वाईटच, नायट्रेट त्यामानाने पुष्कळ सौम्य. या जिवाणूंची वस्ती नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही खडी उकळलीत की अळ्यांबरोबर तीही मेली, आणि त्याच संध्याकाळी मासे परत त्या चकचकीत टँकमध्ये. आठवड्याभरात मॉली पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतील आणि दोष अळ्यांवर जाईल.

त्यापेक्षा दोन आठवडे खाणं निम्मं करा. दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका आणि आठवड्यातून एक दिवस काहीच टाकू नका, मासे उपाशी मरत नाहीत. खडी सायफनने, म्हणजे पाणी ओढून घेणाऱ्या नळीने साफ करा, पण एका वेळी एकतृतीयांशच. दर आठवड्याला पाव पाणी बदला. फिल्टरचा स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली धरू नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. फिल्टरची धार पृष्ठभागावर पडेल अशी वळवा. अळ्या काचेवरून उतरतील. पूर्ण जाणार नाहीत, आणि जायचं काही कारणही नाही. तुमच्या टेट्रांना त्या सापडल्या तर ते आवडीने खातील.

प्रश्न : बाई, माझ्या टँकमध्ये फक्त चेरी श्रिंप आहेत, मासा एकही नाही. माद्यांच्या पोटाखाली अंडी दिसतात, पिल्लंही दिसतात, पण चार दिवसांत नाहीशी होतात. काचेवर चपटे, तपकिरी-पांढरट किडे आहेत. डोकं बाणाच्या टोकासारखं. वळवळत नाहीत, नुसते सरकतात. काही मी चिमट्याने काचेवरच चिरडले. त्यानंतर वाढलेच असं वाटतंय.

उत्तर : चाल अगदी बरोबर टिपलीत. वळवळत नाही, सरकतो, आणि डोकं त्रिकोणी, म्हणजे प्लॅनेरिया. भिंग धरलंत तर डोक्यावर तिरळे वाटणारे दोन डोळे दिसतील. पोटाखाली असंख्य सूक्ष्म केस आणि चिकट स्राव असतो, त्यावरून तो घसरतो, म्हणून अंग पिळायची गरज पडत नाही. तोंड डोक्याला नसतं. ते पोटाच्या मधोमध असतं, तिथून नळी बाहेर काढून भक्ष्याला आतून शोषून घेतो. (काचेवर सरकणारं सगळंच प्लॅनेरिया नसतं. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे, गोलसर डोक्याचे पांढरे ठिपके सरकत असतील तर ते ऱ्हॅब्डोसील, त्याच्याच कुळातले पण निरुपद्रवी. तुमचे ते नाहीत.)

चिमटा आता ठेवून द्या. टी. एच. मॉर्गन या शास्त्रज्ञाने 1898 मध्ये प्लॅनेरियाचे तुकडे करून पाहिले. मूळ प्राण्याच्या 279व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही अख्खा प्राणी उभा राहू शकतो असा त्याचा हिशेब निघाला. पुढे हाच माणूस फळमाशीकडे वळला आणि गुणसूत्रांच्या कामासाठी त्याला 1933चं नोबेल मिळालं. तुम्ही काचेवर चिरडलेल्यांतले तुकडे पाण्यात पडले असतील तर वाढ झाल्याचा तुमचा संशय खोटा नाही.

पिल्लांचा खून मात्र सगळाच यांच्या माथी मारू नका. प्लॅनेरिया नुकती जन्मलेली पिल्लं आणि कात टाकून मऊ पडलेले श्रिंप पकडतो हे खरं. पण तुमच्या फिल्टरच्या तोंडाला बारीक स्पंज लावलाय का, ते पत्रात नाही. नसेल तर पिल्लं तिकडेही ओढली जात असतील. तो स्पंज आजच लावा, मग बाकीचं.

पहिला उपाय सापळा. प्लॅनेरिया उजेडाला पाठ फिरवतो आणि मांसाच्या वासावर येतो. झाकणाला बारीक भोकं पाडलेली छोटी बाटली घ्या, आत कच्च्या मासळीचा नखाएवढा तुकडा टाका आणि दिवे बंद झाल्यावर तळाशी आडवी ठेवा. काही तासांनी काढून घ्या. सकाळपर्यंत ठेवलीत तर पोट भरून बाहेर पडतील. आत चुकून श्रिंपचं पिल्लू शिरलंय का ते पाहा, मग उरलेलं उकळत्या पाण्यात ओता. सापळ्याने संख्या घटते, पण वंश संपत नाही. मासा नसलेल्या टँकमध्ये सहसा औषधापर्यंत यावं लागतं.

चालणारं औषध म्हणजे फेनबेंडाझोल, कुत्र्या-मांजरांना जंतांसाठी देतात ते. चेरी श्रिंप ते सोसतात. नेराइट गोगलगायी सोसत नाहीत, आणि औषध खडीत मुरून राहत असल्याने आठवडे गेल्यावर परत सोडलेल्याही दगावतात. त्या असतील तर कायमची दुसरी सोय करा. गोळीत किंवा पुडीत फक्त फेनबेंडाझोल असावं. दोन-तीन औषधं एकत्र असलेली वापरू नका. दुसरं, नो प्लॅनेरिया नावाची पूड मिळते, तिच्यात सुपारीतलं अॅरेकोलीन हे द्रव्य असतं. तीही गोगलगायींना घातक. आणि हे वाचून कुणी टँकमध्ये सुपारी फोडून टाकणार असेल तर तसं करू नका, त्यातलं प्रमाण कुणालाच मोजता येत नाही.

मात्रा ठरवायला आधी खरे लिटर काढा. 60 × 30 × 30 सेंटिमीटरचा टँक कागदावर 54 लिटरचा, पण खडी, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता हातात 45च्या आसपास उरतात. हा आकडा आणि पुडीवरचं शेकडा प्रमाण घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडून मात्रा काढून घ्या. पुड्यांची तीव्रता वेगवेगळी असते, म्हणून मी इथे आकडा छापत नाही. पूड पाण्यात सहज विरघळत नाही, बाटलीत घेऊन चांगली हलवा आणि मग ओता. मेलेले किडे कुजून अमोनिया चढतो, तेव्हा दोन-तीन दिवसांत तिसरा हिस्सा पाणी बदला. कोषातल्या अंड्यांना औषध लागत नाही आणि त्यांतून दोन-तीन आठवड्यांत नवे बाहेर येतात, म्हणून दुसरी मात्रा त्या हिशेबाने.

श्रिंपना रोज खायला घालत असाल तर ते आधी कमी करा. प्लॅनेरियाला तुमच्या श्रिंपपेक्षा खाली पडलेल्या गोळ्या जास्त सोप्या पडतात.

प्रश्न : बाई, मी सहावीत आहे. माझ्या गप्पीला पिल्लं झाली म्हणून बाबांनी त्यांच्यासाठी आर्टेमियाची अंडी फोडून त्यातले कोळंबीसारखे बारीक जीव दिले. आता काचेवर छोटी छोटी हिरवट झाडं उगवली आहेत. दांडी आणि वर पाच-सहा दोरे. हात लावला की आखडून ठिपका होतो. हे झाड आहे का? आणि गप्पीचं एक पिल्लू त्याला चिकटून मेलं होतं.

उत्तर : छान पाहिलंस. झाड नाही, तो हायड्रा. पण झाड की प्राणी, या कोड्यात तुझ्याआधी एक मोठा माणूस पडला होता. आब्राहम ट्रेंब्ले हा स्विस माणूस नेदरलँड्समध्ये एका घरी दोन लहान मुलांना शिकवायला होता. 1740 साली खंदकाच्या पाण्याच्या बरणीत त्याला हेच दिसलं. त्याने विचार केला, कापून पाहू. झाड असेल तर दोन्ही तुकडे जगतील, प्राणी असेल तर मरेल. दोन्ही तुकडे जगले! पण तेच तुकडे चालत होते आणि शिकारही करत होते. शेवटी त्याने ठरवलं की हा प्राणीच, आणि 1744 मध्ये त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. तू मात्र कापू नकोस. तुझ्या टँकमध्ये एकाचे दोन नको आहेत.

हिरवा रंग त्याच्या आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा आहे. दोऱ्यांवर विषारी नळ्यांच्या पेशी असतात. काही लागलं की त्या नळ्या सुटतात, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात. मोठ्या गप्पीला त्याचं काही वाटत नाही, पण जन्मलेल्या दिवसाचं पिल्लू अडकू शकतं. तुझं तसंच झालं असावं.

हायड्रा वाढला तो आर्टेमियामुळे. तेच त्याचं आवडतं खाणं, आणि पोट भरलं की त्याच्या अंगाला फांदी फुटते, ती सुटून नवा हायड्रा होतो. पिल्लांना आता बारीक कुस्करलेलं कोरडं खाणं दे. काचेवरचा एकेक हायड्रा बाबांना बारीक नळीच्या सायफनने ओढून घ्यायला सांग, खरवडायचं नाही. बेटा किंवा गुरामी मासे हायड्रा खातात, पण ते तुझी पिल्लंही खातील, म्हणून नको. वर श्रिंपच्या पत्राला सांगितलेलं फेनबेंडाझोल हायड्रावरही चालतं, पण खाणं बदलल्यावर त्याची गरज पडेल असं मला वाटत नाही. सायफनने काढलेल्यातला एक हायड्रा ग्लासात ठेव आणि फांदी फुटताना बघ. चित्र काढलंस तर मला पाठव, रंग शेवटी भर.

प्रश्न : नातवाच्या टँकमध्ये पांढरे ठिपके झटके देत पळतात. मुलगा म्हणाला सायक्लॉप्स आहे, आणि माझ्या पोटात गोळा आला. सायक्लॉप्समुळे नारू होतो असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. नातू टँकमध्ये कोपरापर्यंत हात घालतो.

उत्तर : शाळेत शिकवलं ते बरोबरच होतं, पण साखळी पूर्ण आठवून पाहा. नारू झालेल्या माणसाच्या पायाच्या फोडातून जंत पाण्यात पिल्लं सोडतो. ती पिल्लं सायक्लॉप्स खातो. असा सायक्लॉप्स पाण्याबरोबर कुणी प्यायलं तरच वर्षभराने त्याला नारू होतो. नारूच्या रुग्णाने पाय बुडवलेला नसेल त्या पाण्यातला सायक्लॉप्स नुसता सायक्लॉप्स असतो. 1986 मध्ये जगात नारूचे सुमारे 35 लाख रुग्ण होते, 2023 मध्ये फक्त 14. नातवाच्या टँकपर्यंत ही साखळी पोचायला वाटच नाही.

झटके देत चालणारा, एका डोळ्याचा, आणि मादी असेल तर मागे अंड्यांच्या दोन पिशव्या, हा सायक्लॉप्स. माशांच्या पिल्लांना याहून चांगलं जिवंत खाणं नाही. ठिपके दिसतायत याचा अर्थ टँकमध्ये त्यांना खाणारं लहान तोंड नाही, एवढाच.

नातवाच्या हाताची काळजी करायचीच असेल तर वेगळ्या कारणासाठी करा. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू फिशटँकच्या पाण्यात असू शकतो. बोटाला जखम असताना तो शिरला तर काही आठवड्यांनी तिथे लालसर गाठ येते, ती महिनोन्महिने हटत नाही, आणि साधी पुळी समजून लोक बसून राहतात. जखम असताना हात घालायचा नाही, घातला तर हातमोजा. नंतर साबणाने हात धुवायचे. सायफन तोंडाने ओढायचा नाही. अशी गाठ कधी आलीच तर डॉक्टरांना ‘घरी फिशटँक आहे’ हे आपणहून सांगायचं, ते विचारतीलच असं नाही.

प्रश्न : झाडाबरोबर एक, फक्त एकच गोगलगाय आली होती. आता शंभर आहेत. जोडीदार नसताना हे झालंच कसं? तांब्याचं औषध टाकू का? की गोगलगायी खाणारे लोच मासे आणू?

उत्तर : शंख हातात घ्या, टोक वर, तोंड स्वतःकडे. तोंड डावीकडे उघडत असेल तर ती ब्लॅडर स्नेल. ती उभयलिंगी आहे, जोडीदार मिळाला नाही तर स्वतःच स्वतःची अंडी फलित करते. काचेवरचे जेलीचे पारदर्शक थेंब तिचेच. शंख लांब, निमुळता शंकूसारखा असेल आणि दिवसा ती खडीत गाडलेली असेल तर ती ट्रम्पेट स्नेल. तिच्या माद्यांना नर लागतच नाही आणि त्या अंड्यांऐवजी थेट पिल्लं देतात. ही दुसरी असेल तर मी तुमच्या जागी तिला राहू दिलं असतं. खडी उकरून हलती ठेवते आणि फुकट बातमी देते. भरदिवसा सगळ्या ट्रम्पेट काचेवर चढल्या तर पाण्यात काहीतरी बिघडलंय, आधी पाणी तपासा.

तांबं नको. त्याने गोगलगायी मरतात, श्रिंप मरतात, झाडंही खचतात, आणि एकदम मेलेल्या शंभर गोगलगायी खडीत कुजल्या की अमोनियाने मासेही जातात. लोचही नको. दुकानात बोटभर दिसणारा क्लाउन लोच फूटभर वाढू शकतो आणि त्याला कळप लागतो. गोगलगायींसाठी तो आणायचा तर आधी टँक बदलायला लागेल. घर गोगलगायींनी भरलं म्हणून तिथे बैल बांधण्यातला हा प्रकार आहे.

रात्री टँकमध्ये कोबीचं उकडलेलं पान किंवा काकडीची उकडलेली फोड सोडा, सकाळी गोगलगायींसकट उचला. असं रोज, आणि माशांचं खाणं कमी. शंभर गोगलगायी म्हणजे शंभर गोगलगायींना पुरेल एवढं खाणं तुम्ही रोज वाया घालवताय, दुसरं काही नाही. हाताने काढायचा कंटाळा असेल तर एक-दोन असॅसिन स्नेल ठेवता येतील. त्या दुसऱ्या गोगलगायींना खातात आणि सावकाश वाढतात. काढलेल्या गोगलगायी नदीत, विहिरीत, तळ्यात टाकू नका. परक्या पाण्यात त्या काय करतील ते तुम्ही बघायला जाणार नाही.

प्रश्न : (तीन पत्रं एकत्र) पाण्यावर राखेसारखे कण उड्या मारतात. / तिळाएवढे गोल दाणे काचेवरून गडगडत पोहतात. / खडीत नळीत बसलेल्या लाल अळ्या सापडल्या.

उत्तर : पहिले स्प्रिंगटेल. झाकणाच्या ओलाव्यात राहतात, पृष्ठभागावर पडले की पोटाखालच्या काट्याने उडी मारतात. बुडत नाहीत, चावत नाहीत. दुसरे ऑस्ट्रॅकॉड, दोन शिंपल्यांत बसलेला खेकड्यांचा लांबचा भाऊबंद. अंडी वाळूनही टिकतात, त्यामुळे कोरडी खडी वापरली तरी येतात. तिसऱ्या म्हणजे न चावणाऱ्या एका चिलटाच्या अळ्या, हिमोग्लोबिनमुळे लाल. तुमचे मासे भाग्यवान. तिघांनाही काही करू नका.

प्रश्न : गोल्डफिश अंग दगडावर घासतो, मध्येच उसळतो. आज त्याच्या बाजूवर एक पारदर्शक चपटी चकती दिसली, पाच मिलिमीटरची असेल. ती चालली! दुसऱ्या एका माशाच्या पंखाजवळ हिरवट दोरा लटकतोय, टोकाला दोन फाटे.

उत्तर : हे पत्र मी सगळ्यात आधी उघडायला हवं होतं, इथे थांबायचं नाही. आतापर्यंतचे सगळे टँकमध्ये राहणारे होते, हे माशावर राहणारे आहेत. चालणारी चकती म्हणजे आर्ग्युलस, माशाची ऊ. दोन चूषकांनी चिकटते आणि रक्त पिते. दोरा म्हणजे अँकर वर्म. नावात वर्म असलं तरी तोही आर्ग्युलससारखा कवचधारीच. डोकं माशाच्या मांसात रुतलेलं असतं आणि दोन फाटे म्हणजे अंड्यांच्या पिशव्या.

दोन्ही मासे वेगळ्या भांड्यात घ्या. ओल्या फडक्यात मासा धरून बारीक चिमट्याने ऊ उचला. दोरा मात्र कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ ओढा, मधेच तुटला तर डोकं आत राहून जखम चिघळते. हे जमणार नसेल तर माशांचं पाहणारा डॉक्टर गाठा. एवढ्याने टँक सुटत नाही. आर्ग्युलसची मादी मासा सोडून काचेवर, दगडावर ओळीने अंडी घालते, आणि अँकर वर्मची पिल्लंही पाण्यात मोकळी फिरतात. डायफ्लुबेंझुरॉन हे औषध या जातीच्या जिवांना कात टाकू देत नाही, ते ठरल्या अंतराने पुन्हा द्यावं लागतं. त्याच कारणाने ते श्रिंपच्या टँकमध्ये कधीही टाकायचं नाही.

याच टपालात आणखी एकांनी गप्पीच्या शेपटीजवळ, विष्ठेच्या जागी, दोन-तीन लाल दोरे बाहेर डोकावतात असं लिहिलंय. मासा स्थिर असताना दिसतात आणि हलला की आत जातात. तो कॅमॅलानस, माशाच्या आतड्यातला जंत. त्यावर लेव्हामिसोल. ते जंताला लुळं करतं, मग मासा तो बाहेर टाकतो. म्हणून औषधाच्या दुसऱ्या दिवशी खडी सायफन केलीच पाहिजे, नाहीतर पडलेले तेच पुन्हा खाल्ले जातील. उजेडाने हे औषध निकामी होतं, टँकवर चादर टाका. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा द्यायचं, सगळ्या माशांना, फक्त दिसतोय त्याला नाही.

प्रश्न : नवीन झाडं लावली आणि महिन्याभराने श्रिंप कमी व्हायला लागले. काल मॉसमध्ये काडीसारखा सहा पायांचा किडा सापडला, शेपटीला तीन पानं. झाडं आधी कशी धुवायची म्हणजे हे सगळं येणारच नाही?

उत्तर : शेपटीला तीन पानं म्हणजे टाचणीचं पिल्लू. चतुराच्या नात्यातली, बारीक अंगाची ती टाचणी. तीन पानं हे त्याचे कल्ले. खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो, तो पुढे फेकून भक्ष्य ओढतो. श्रिंप त्यानेच खाल्ले. यावर औषध नाही, जाळीने पकडायचा आणि मॉस उपसून अजून कोण आहे ते बघायचं. एक सापडला म्हणजे आणखी असतील.

‘सगळं येणारच नाही’ असं हवं असेल तर प्रयोगशाळेत जेलीत वाढवलेली टिश्यू कल्चर झाडं घ्या, त्यात किडाही नसतो आणि गोगलगायही. बाकीच्या झाडांना मी दोन पायऱ्या सांगते. मऊ पानं आणि मॉस सोडून टणक पानांच्या झाडांना साध्या, बिनवासाच्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे एकोणीस भाग, त्यात दीड ते दोन मिनिटं बुडवायचं. हातमोजे घालून, घड्याळ समोर ठेवून. मग स्वच्छ पाण्यात खळबळून अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घातलेल्या पाण्यात ठेवायचं. गोगलगायींची अंडी, हायड्रा, प्लॅनेरिया याने बहुतेक जातात. टाचणीची अंडी देठाच्या आत खुपसलेली असतात, तिथे ब्लीच पोचत नाही. त्यांच्यासाठी दुसरी पायरी. झाड तीन-चार आठवडे वेगळ्या बरणीत, उजेडात ठेवायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी भिंग घेऊन बघायचं. मॉससाठी तर ही बरणीच एकमेव वाट आहे, ब्लीचमध्ये ते शिजल्यासारखं होतं.